चौदा नंबर हिरवा

न्हाव्याने अर्धी दाढी उतरवली होती आणि उरलेल्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता, तेव्हा चादरीखाली त्याच्या मांडीवर फोन थरथरला. एरवी त्याने तो थरथरू दिला असता. दाढीच्या खुर्चीत बसल्यावर तरी माणसाने कुणाला उत्तर देऊ नये, असं त्याचं जुनं मत होतं. पण गेल्या दोन वर्षांत हाताला एक वाईट सवय जडली होती, फोन थरथरला की डोक्याला न विचारता हात तिकडे जाई. त्याने चादरीच्या कडेतून फोन वर काढला आणि चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून वाचलं. कॉलम क्रमांक १४, तिसरा मजला. आपण प्रमाणित केलेल्या नोंदीच्या आधारे चौथ्या मजल्यावरील वाढीव भारास मंजुरी देण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार. "हलू नका साहेब," न्हावी म्हणाला, पण तोवर तो हलला होता. हनुवटीखाली बारीक चीर पडली, आरशात साबणाच्या पांढऱ्यावर लाल रेघ खाली सरकताना त्याने बघितली, आणि न्हाव्याने तुरटीचा खडा दाबून धरला. "वाईट बातमी आहे का?" न्हाव्याने विचारलं. "नाही," तो म्हणाला, "आभार मानलेत." "मग चांगलंच की. आजकाल कोण मानतंय आभार?" न्हावी हसला आणि उरलेल्या गालाकडे वळला. तोही हसला. तुरटी चरचरत होती.

इमारती बांधणाऱ्या कंपनीत तो गुणवत्ता तपासत असे. तेहेतीस वर्षं. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. दोरीला बांधलेलं ते वजन, भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारं, कुणाची भीड न धरणारं. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते त्याला माहीत होतं, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्याला मनातल्या मनात गुदगुल्या होत. काँक्रीट ओतायच्या आधी सळ्या बघायच्या, हे त्याचं मुख्य काम. किती आहेत, किती जाड आहेत, कुठे बांधल्या आहेत. कारण एकदा का फळ्या लावून काँक्रीट भरलं, की आत काय आहे ते कोणी बघू शकत नाही. त्याच्या कामाचा सगळा धाक या एकाच गोष्टीत होता. त्याने बघितलं म्हणजे बघितलं गेलं, आणि त्याने नाही बघितलं तर पुन्हा कधीच कोणी बघणार नाही. तो शिडी चढून जायचा, गुडघे दुखायला लागल्यावरही जायचा, सळ्यांना हात लावून मोजायचा आणि मग जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरवर सही करायचा. सहीसाठी लोक अर्धा अर्धा तास ताटकळत. "ओळंबा अजून लोंबतोय का वर?" असं खालून ओरडलेलं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि तो चौदा नंबरचा कॉलम त्याने बघितलेला नव्हता.

दाढीचे पैसे देऊन तो रस्त्यावर आला आणि नेहमीच्या वळणावर न वळता सरळ चालत गेला, हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. बघितला नव्हता, हे वाक्य त्याने दीड वर्षात एकदाही असं सरळ मनाशी म्हटलं नव्हतं. मनाच्या एका कोपऱ्यात ते होतं, अडगळीत ठेवलेल्या वस्तूसारखं, आहे हे माहीत असलेलं पण काढून न बघितलेलं. दीड वर्षापूर्वीचा तो दिवस त्याला नीट आठवत होता, फार नीट. दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावरचा तो लांब लोखंडी बाक. समोरच्या दारावर लाल दिवा. दाराच्या पलीकडे बायकोची छाती उघडून कोणीतरी आत हात घालत होतं, आणि तो तिची चप्पल हातात धरून बसला होता, कारण नर्सने ती त्याच्याकडे दिली होती आणि कुठे ठेवायची हे सांगितलं नव्हतं. मेहुणा शेजारी बसून एकसारखा पाय हलवत होता. त्याला त्या पायाचा राग येत होता. आणि तेव्हा फोरमनचा फोन आला. "साहेब, वहिनींचं कसं आहे?" "आत आहे अजून." "होईल सगळं चांगलं. साहेब, एक होतं... चौदा नंबर तयार आहे. मिक्सरची गाडी येऊन पाऊण तास झाला. गाडीत माल घट्ट व्हायला लागलाय. तुम्ही फक्त ओके द्या, बाकी मी बघतो." त्याने विचारलं होतं, सळ्या नीट आहेत का. नक्की विचारलं होतं. फोरमन म्हणाला होता, तेरासारख्याच मस्त बांधल्यात. तेरासारख्याच. हा शब्द तेव्हा कानावरून गेला, कारण लाल दिव्याखालचं दार त्याच क्षणी उघडलं होतं आणि एक माणूस बाहेर येऊन मास्क खाली ओढत होता. तो डॉक्टर नव्हता, चहा प्यायला निघालेला कोणी मदतनीस होता. दार पुन्हा मिटलं.

पूर्वी असतं तर फोरमन काहीच करू शकला नसता. रजिस्टर साइटवर, सही करणारा बाकावर, गाडी परत गेली असती, माल फुकट गेला असता आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलणी बसली असती. पण त्या दिवसाच्या सहा महिने आधीच रजिस्टरं गेली होती. एका थंडगार खोलीत सगळ्यांना बसवून पांढऱ्या बुटांतल्या एका माणसाने पडद्यावर ती इमारत दाखवली होती, जी अजून बांधायचीच होती. ती बोटाने फिरत होती. कॉलमला हात लावला की त्याची सगळी कुंडली उघडत होती, सिमेंट कुठलं, सळ्या किती, तपासलं कोणी, कधी. जे तपासलं ते हिरवं, जे राहिलं ते पिवळं, जे बिघडलं ते लाल. "आता मालक, ठेकेदार, डिझायनर, सगळे एकाच वेळी एकच माहिती बघणार," तो पांढऱ्या बुटांचा माणूस म्हणाला. "कोणापासून काही लपून राहणार नाही." बाकीचे अस्वस्थ झाले होते, पण ओळंबा मनातून सुखावला होता. इतक्या वर्षांत त्याची तीन रजिस्टरं हरवली होती, एक भिजलं होतं आणि एक मुद्दाम भिजवलं गेलं होतं. आता तसं होणार नव्हतं. त्याने नोंदींसाठी मिळालेला टॅब घरी नेला, बायकोने तो उलटसुलट करून बघितला आणि ती म्हणाली, "म्हणजे या वयात तुमच्या हातात पुन्हा पाटी आली म्हणायची." तेव्हापासून घरात त्या वस्तूला पाटी हेच नाव पडलं.

तर पाटी त्या दिवशी बाकावर त्याच्या शेजारी होती. बायकोच्या सामानाबरोबर तीही त्याने दवाखान्यात आणली होती, हे नंतर मेहुण्याने चारचौघांत हसत सांगितलं होतं. त्याने चौदा नंबर उघडला. अठ्ठावीस रकाने भरायचे होते. आणि वर कोपऱ्यात ते बटण होतं, जे सगळेच वापरत, कारण एका ओळीतले कॉलम सहसा सारखेच असतात आणि पुन्हा पुन्हा तेच लिहिण्यात काही अर्थ नसतो: मागच्याप्रमाणे. त्याने ते दाबलं. अठ्ठावीस रकाने एका दमात भरले. फोटो मागितला, तर तेरा नंबरचा फोटो तिथे होताच, त्याने तोच लावला. पाच सेकंद लागले असतील. मग त्याने चप्पल पुन्हा हातात घेतली. चौदा नंबर हिरवा झाला आणि नऊ किलोमीटरवर कुठेतरी गाडीचा ड्रम फिरायला लागला.

त्या पाच सेकंदांबद्दल त्याला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, आणि आता रस्त्यावरून चालताना हेच त्याला सगळ्यात भयंकर वाटत होतं. बायको वाचली होती. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या अंगाला ती दुसरी लहान गोष्ट चिकटून गेली आणि दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी तो साइटवर गेला तेव्हा चौदा नंबरच्या फळ्यासुद्धा काढून झाल्या होत्या आणि कॉलम ओल्या गोणपाटात गुंडाळून उभा होता. त्याने त्याच्याकडे बघितलं होतं. चांगला दिसत होता. सगळेच चांगले दिसतात.

घरी येऊन त्याने पाटी उघडली आणि तेरा आणि चौदाचे आराखडे शेजारी शेजारी लावले. तेरामध्ये बारा सळ्या. चौदामध्ये वीस. कारण चौदावर लांबलचक बीम येऊन टेकत होता. वरच्या दालनात मधे कॉलम नको म्हणून मालकाने हट्ट धरला होता आणि काम सुरू व्हायच्या आठच दिवस आधी आराखडा बदलला होता. बदललेला आराखडा पाटीवर आला होता. पण साइटवर प्लायवुडच्या फळीवर जो कागदी आराखडा चिकटवलेला असे, ज्याच्याकडे बघून सळ्या बांधणारे खरोखर काम करत, तो बदलला होता का? त्याने डोळे मिटून ती फळी आठवायचा प्रयत्न केला. चहाचे डाग दिसले, कोणीतरी काढलेलं एक बदक दिसलं, कागद जुना की नवा ते काही दिसेना. मग त्याने चौदाच्या नोंदीतला फोटो मोठा केला आणि सळ्या मोजल्या. बारा. अर्थातच बारा, तो तेराचा होता. सळ्यांचा आकडा पाटी आराखड्यातून आपोआप उचलत असे, त्या वीसच्या आकड्याखाली बारा सळ्यांचा फोटो दीड वर्ष उघडा पडला होता. नोंदीच्या तळाशी बारीक अक्षरात, सही करताना सही करणारा कुठे होता, तेही आपोआप उमटलं होतं. दवाखान्याचा रस्ता, दवाखान्याची गल्ली. कोणापासून काही लपलं नव्हतं, तो पांढऱ्या बुटांचा माणूस खोटं बोलला नव्हता. त्याने बघितलेल्यांची यादी उघडली. एकशे बारा वेळा ही नोंद उघडली गेली होती. एकशे बारा वेळा कोणीतरी हिरवा रंग बघितला होता.

"जेवायला या, पाटी ठेवा," बायको म्हणाली. ताटावर बसल्यावर तिने त्याच्या हनुवटीकडे बघितलं. "हे काय? न्हाव्याशी भांडलात की काय?" "हललो मी." "तुम्ही आणि हललात?" ती हसली. ऑपरेशननंतर तिचं हसणं थोडं कमी श्वासाचं झालं होतं, शेवटाला ते तुटायचं. जेवताना तिच्या बहिणीचा फोन आला आणि तो बसल्या बसल्या ऐकत राहिला, कारण ती गोष्ट ती पुन्हा सांगत होती. मुलीच्या लग्नात दोन दिवस रजा घेतली नाही या माणसाने, पण माझ्या वेळी चार तास बाकावर बसून होते, माझी चप्पल हातात धरून, दुसरं काही सुचत नव्हतं त्यांना. ही गोष्ट ती दीड वर्ष सांगत होती. तिच्या सगळ्या आजारपणातून तिने एवढी एकच चांगली वस्तू सोबत आणली होती. दुसरं काही सुचत नव्हतं. त्याने घास गिळला आणि पाणी प्यायला.

दुपारी त्याने फोरमनला फोन लावला. फोरमन आता दुसऱ्या कंपनीत होता, लांबच्या पुलावर, मागे कसला तरी प्रचंड खडखडाट चालू होता. "साहेब! किती दिवसांनी! वहिनी कशा आहेत?" "बरी आहे. एक विचारायचं होतं. चौदा नंबर आठवतो का, तिसऱ्या मजल्यावरचा? मी नव्हतो त्या दिवशीचा." खडखडाट थांबला, किंवा फोरमन बाजूला गेला असावा. "कुठला चौदा साहेब? मी त्यानंतर दीडेकशे कॉलम भरलेत." "वीस सळ्यांचा होता तो. आराखडा बदलला होता. तुम्ही किती टाकल्या?" "आराखड्यात होत्या तेवढ्याच टाकल्या असतील ना." "कुठल्या आराखड्यात? फळीवरच्या की पाटीवरच्या?" फोरमनच्या आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी आलं. "साहेब, असं काय विचारता? तुम्ही ओके दिलं होतं. तुमचं ओके आलं म्हणून मी भरला. तुम्ही ओके दिलं म्हणजे बरोबरच असणार की. तुमच्यासारखा माणूस उगाच कशाला ओके देईल?" फोरमन त्याच्या सहीवर उभा होता आणि तो फोरमनच्या शब्दावर, आणि दोघांच्या पायाखाली काहीच नव्हतं. "काही झालंय का साहेब?" फोरमनने हळूच विचारलं. "नाही, सहज." "मग ठीक. वहिनींना नमस्कार सांगा."

वरच्या मजल्यावर कसला भार येणार आहे हे त्याने संध्याकाळी वाचलं. आधी तिथे रिकामं सभागृह होणार होतं. आता मालकाने ती जागा एका कंपनीला दिली होती, लोकांची माहिती साठवून ठेवणाऱ्या. कपाटाएवढी यंत्रं, त्यांच्या ओळी, आणि वीज गेली तर ती बंद पडू नयेत म्हणून बॅटऱ्यांच्या रांगा, भरीव, शिशाच्या. माहितीला वजन असतं असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. पाटी तर उलट हलकी वाटायची, रजिस्टरांपेक्षा किती तरी हलकी. इथे प्रत्येक कपाटापुढे टनात आकडा होता. यंत्रं शुक्रवारी चढवणार होते. त्या पडद्यावरच्या इमारतीत डिझायनरबाईंनी ती कपाटं चौथ्या मजल्यावर ठेवून बघितली होती, आणि इमारतीने स्वतःच खालचे सगळे कॉलम तपासून बघितले होते, वीस सळ्या धरून. चौदा नंबर हिरवाच राहिला होता. वीस असतील तर तो खरंच हिरवा होता. असतीलही. हेच तर होतं. असतीलही. सळ्या बांधणारा एखादा शहाणा असेल, त्याने नवा आराखडा मागून घेतला असेल. आणि नसतील तर? बारा सळ्यांचा कॉलम लगेच काही कोसळत नाही. तो आधी गप्प राहतो. मग बीमच्या सांध्याशी केसाएवढी भेग दिसते, तिच्यावर कोणीतरी रंग मारतं. त्याने आयुष्यात एकदाच एक कॉलम गेलेला बघितला होता, दुसऱ्याच्या साइटवर, नवखा असताना. आवाज फार मोठा झाला नव्हता. धूळ बसल्यावर तिथे मजला नव्हता, आणि एक माणूस रस्त्यावर उभा राहून एकसारखं म्हणत होता, मी तर फक्त सही केली. त्या माणसाबद्दल त्याला तेव्हा किती किळस वाटली होती.

सळ्या शोधणारं यंत्र असतं. भिंतीवरून फिरवलं की आत कुठे लोखंड आहे ते सांगतं. अर्ध्या दिवसाचं काम. पण ते मागवायचं तर मागणीपत्रात कारण लिहावं लागतं, आणि कारण सहा ठिकाणी दिसतं: मालक, ठेकेदार, डिझायनर, विमेवाले, अग्निशमनवाले, यंत्रांची कंपनी. रात्री तो तेच कारण अंथरुणात पडून लिहीत राहिला. दहा प्रकारे लिहिलं. प्रत्येक वेळी वाक्य दवाखान्याच्या बाकापाशी येऊन थांबे. नोकरीचं एक वर्ष राहिलं होतं, ते जाईल. जाऊ दे. ओळंबा हे नाव जाईल, साइटवरची पोरं दुसरं काहीतरी ठेवतील. तेही सोसता आलं असतं. पण कारण लिहिलं की बायकोची ती गोष्ट खोटी होत होती. चौकशी होईल, कोणीतरी घरी येईल, आणि तिला कळेल की दाराआड तिचं हृदय थांबवलेलं होतं तेव्हा बाकावर बसलेल्या माणसाला दुसरं काहीतरी सुचत होतं. शेजारी ती झोपली होती. तिचा श्वास मोजत तो पडून राहिला. मोजायची सवयच होती.

मंगळवारी सकाळी त्याने ते केलं. यंत्र मागवलं नाही, नोंद दुरुस्त करायला घेतली. पाटीवर दुरुस्तीचा प्रकार निवडावा लागतो, त्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही. यादी आली. टंकलेखनातील चूक. तारखेतील चूक. फोटो बदल. नावातील बदल. त्याने यादी खाली वर केली. खोटी नोंद असा प्रकार त्यात नव्हता, असणार तरी कसा? सगळ्यात तळाला इतर होतं. इतर निवडलं की फोन येतो हे त्याला ठाऊक होतं, एक माणूस फोन करून नक्की काय झालं ते विचारतो. त्याचं बोट इतरवर गेलं, थांबलं आणि वर सरकून फोटो बदलवर टेकलं. फोटो चुकीचा होताच ना. हे काही खोटं नव्हतं. मग खालच्या शेऱ्याच्या चौकोनात त्याने मात्र सगळं लिहिलं, एका दमात, कुठेही न थांबता. त्या दिवशी मी जागेवर नव्हतो. कॉलम चौदामधल्या सळ्या मी बघितलेल्या नाहीत. नोंद मागच्या कॉलमवरून उचलली आहे, फोटो तेराचा आहे. आत वीस सळ्या आहेत की बारा, मला माहीत नाही. तपासल्याशिवाय वर भार ठेवू नये. त्याने ते दोनदा वाचलं. तेहेतीस वर्षांत इतकं स्वच्छ त्याने काही लिहिलं नव्हतं. त्याने पाठवलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला. आता फोन वाजेल. आता कोणीतरी ओरडेल.

चाळीस सेकंदांनी पहिला शब्द आला. विमेवाले: मान्य. मग अग्निशमन: मान्य. ठेकेदार: मान्य. मधे दहा मिनिटं काही आलं नाही, तेव्हा तो उठून खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर नेहमीसारखी माणसं चालली होती. परत आला तेव्हा मालकाच्या माणसाचं आणि यंत्रांच्या कंपनीचं आलं होतं. मान्य. मान्य. दुपारच्या आत डिझायनरबाईंचंही आलं. सहा जणांनी त्याचा कबुलीजबाब मंजूर केला होता. त्याने त्या सहा शब्दांकडे बघितलं आणि त्याच्या मनात जे आलं ते त्याला स्वतःलाही कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. त्याला बरं वाटलं. खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. त्याने सांगितलं होतं, लेखी, सगळ्यांना. आता तो एकटा नव्हता, सात जण होते. उद्या काही झालंच तर हा शेरा तिथे असणार होता, तारखेसह, वेळेसह, आणि कोणीही भिजवू शकणार नव्हतं. त्या दिवशी तो पोटभर जेवला. बायकोने गाजराचं लोणचं वाढलं आणि ती म्हणाली, "चेहरा उजळलाय आज. झालं वाटतं ते काम?" "झालं," तो म्हणाला. आणि जेवून तो झोपलाही, दुपारचा, जे तो कधी करत नसे.

बुधवारी अकरा वाजता डिझायनरबाईंचा फोन आला. त्यांचं नाव पडद्यावर दिसताच त्याने पहिल्याच घंटीला फोन उचलला, एका आशेने. कोणीतरी वाचलं. अखेर कोणीतरी वाचलं. "सर, नमस्कार. चौदा नंबरबद्दल बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. हुशार बाई, त्याच्या मुलीएवढ्या, आकड्यात कधी न चुकणाऱ्या. "बोला ना," तो म्हणाला आणि खुर्चीत ताठ बसला. "तुम्ही फोटो बदल टाकलंय, पण नवीन फोटो जोडलाच नाहीत. सगळ्यांचं मान्य आलंय, तेवढ्या एका गोष्टीमुळे तो पिवळा दिसतोय. आणि पिवळा असला की शुक्रवारची क्रेन बुक होत नाही." त्याने पाटी ओढून आपला शेरा उघडून बघितला. "सर?" "मॅडम, खाली शेरा लिहिलाय मी." "हो हो, शेरा दिसतोय. शेऱ्याची काही अडचण नाही, फक्त फोटो हवाय." "वाचलात तुम्ही तो?" त्याने विचारलं. पलीकडे कळफलकाचा आवाज चालू होता. "सर, खरं सांगू? दिवसाला साडेतीनशे येतात. पण तुमचं असलं की मी निर्धास्त असते. तुमच्या नोंदी बघून तर आम्ही नव्या मुलांना शिकवतो." ते वाक्य त्याच्या तोंडात होतं. आत काय आहे मला माहीत नाही. सहा शब्द. पाटीवर लिहिताना हे शब्द किती सहज आले होते, आणि आता जिभेला त्यांचं वजन पेलवत नव्हतं. समोर आवाज होता, माणूस होतं, ते क्षणभर थांबलं असतं आणि मग म्हणालं असतं, काय म्हणालात सर? "पण आता फोटो कसला काढणार," तो कसाबसा म्हणाला, "आता तर प्लास्टर झालंय, रंग झालाय." "चालेल ना. आहे तसा काढा. कॉलमचा असला की झालं. आजच्या आज जमेल का सर?" कळफलकाचा आवाज थांबला होता. त्या त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या. पूर्ण कान देऊन ऐकत होत्या, एवढ्या एका क्षणापुरत्या. "जमेल," तो म्हणाला. "काढतो."

तिसऱ्या मजल्यावर ऑफिस सुरू होऊन दोन महिने झाले होते. तो तिथे नंतर कधी गेला नव्हता. काचेचं दार ढकलून तो आत गेला तेव्हा कोणी मान वर केली नाही. चाळीसेक माणसं असतील. टेबलांच्या रांगा, हळू आवाजातले फोन, कोणीतरी डबा उघडल्याचा वास, कुंड्यांमधली झाडं. त्याला चौदा नंबर शोधावा लागला, कारण पडद्यावर तो हिरवा किंवा पिवळा असे आणि इथे तो मलईच्या रंगाचा होता, बाकीच्यांसारखाच गुळगुळीत. त्याला टेकून एक टेबल होतं. टेबलाशी चाळिशीची एक बाई बसली होती, तिने कॉलमला पाठ लावली होती आणि कानात काहीतरी घालून कोणाला तरी पत्ता समजावून सांगत होती. कॉलमवर तिने चिकटपट्टीने फोन नंबरांची यादी लावली होती, एक चिकटणारा हूक लावून त्याला पर्स अडकवली होती. त्याची सावली पडल्यावर तिने वर बघितलं. "काही हवंय का काका?" "या कॉलमचा फोटो काढायचाय," तो म्हणाला. "कॉलमचा?" तिला गंमत वाटली. "त्याचा कशाला? बिघडला का काय?" शेजारचा एक माणूस हसला. "नाही," तो म्हणाला, "नोंदीसाठी." "मी हट्टाने मागून घेतली ही जागा," ती पर्स काढता काढता म्हणाली. "बाकी सगळीकडे गार वारा अंगावर येतो, इथे कसं आडोशाला बरं वाटतं. दिवसभर पाठ टेकून बसते. यादी काढू का? की मीही येऊ फोटोत?"

"जरा बाजूला होता का?" तो म्हणाला.

ती खुर्चीसकट दोन पावलं सरकली. "एवढं पुरे?"

त्याने फोन वर धरला. काचेत मलईच्या रंगाचा कॉलम दिसत होता आणि कडेला तिचा खांदा. आणखी थोडं, असं त्याला म्हणायचं होतं. आणखी. त्या दारापर्यंत, जिन्याने खाली, या सगळ्यांना घेऊन, फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे. त्याचे ओठ उघडले, ती त्याच्याकडे बघत होती, हसऱ्या चेहऱ्याने, सांगाल तेवढी सरकायला तयार.

"पुरे," तो म्हणाला. "बसा आता परत."